मे महिन्यात रत्नागिरी? मग हे वाचा

पहिल्यांदाच जाताय ना, मग मुक्काम रत्नागिरीतच ठेवा, रोज हॉटेल बदलू नका. ट्रेनचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी करा, सुट्टीत कोकणच्या गाड्या लगेच फुल होतात. गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या रस्त्यानेच जा, चढ चढून वर आलात की डावीकडे अख्खा समुद्र आणि खाली सुरूचं बन दिसतं, तिथे थांबाच थांबा. पुळ्याला पाण्यात मात्र उतरू नका प्लीज, ओढ फार वाईट आहे. तिथून मालगुंड जवळच, केशवसुतांचं घर बघा. दुसऱ्या दिवशी पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर, पूर्णगडचा किल्ला आणि वेळ उरला तर कशेळीचा कनकादित्य, म्हणजे सूर्याचं देऊळ. दुपारचं ऊन टाळा, भल्या पहाटे निघा. आंबे घेताना देठाजवळ वास घेऊन बघा, पेटी उघडून दाखवत नसेल तर घेऊच नका.