‘ऑस्ट्रेलिया पॉझिटिव्ह’चा कागद

“ताई, माझी कावीळ बाळाला लागणार का?”

सुमनने (नाव बदललं आहे) हे विचारलं तेव्हा तिला सहावा महिना होता. हातातला कागद घड्या घालून घालून फाटायला आला होता. लॅबवाल्याने तोंडी एवढंच सांगितलं होतं, “ऑस्ट्रेलिया पॉझिटिव्ह.” ती म्हणाली, “मी तर पुण्याच्या पुढं कधी गेले नाही.”

हिपॅटायटिस बी म्हणजे विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार. त्याच्या तपासणीचं ते जुनं नाव. १९६०च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात या विषाणूचा अंश सापडला, म्हणून ते पडलं. देशाचा संबंध तेवढाच. हे ऐकल्यावर ती जरा सैल बसली. डोळे पिवळे नव्हते, भूक नीट होती. तरी घरात तिचं ताट-पेला वेगळा झाला होता आणि गळ्यात काविळीची माळ पडली होती.

माळेवर मी काही बोलले नाही. ताटावर मात्र बोलले. सुमनला विचारून सासूबाईंना आत घेतलं. “मावशी, हा विषाणू रक्तातून आणि शरीरसंबंधातून जातो. एका ताटात जेवून, जवळ घेऊन जात नाही. तिचं ताट परत तुमच्यात मांडा.” नवऱ्याची तपासणी करून घेतली. ती निगेटिव्ह आली, म्हणून त्याला लशीचे तीन डोस सुरू केले.

आता बाळाचं. आईकडून बाळाला लागण होऊ शकते, हे मी कुणापासून लपवत नाही. रुबेलासारखे विषाणू गर्भातच बाळाला गाठतात. हिपॅटायटिस बीची लागण मात्र बहुतेक वेळा प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्ताशी आणि स्रावांशी संपर्क येऊन होते. त्या वेळी लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांच्या अंगात तो कायमचा राहतो आणि पुढे यकृत खराब करू शकतो. म्हणूनच जन्मानंतरचे पहिले तास इतके मोलाचे. एका मांडीत लस २४ तासांच्या आत, आणि शक्यतो १२ तासांत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे हिपॅटायटिस बीसह पाच आजारांवरची एकत्र लस. सुमनचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दोन लाखांच्या खाली होता. जास्त असता तर डॉक्टरांनी शेवटच्या तीन महिन्यांत विषाणू दाबणाऱ्या टेनोफोविरच्या गोळ्या दिल्या असत्या. अंगावर पाजायला हरकत नाही, हे तिने मला दोनदा म्हणायला लावलं.

खरी अडचण पुढेच होती. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरी तिला हा कागद दाखवायचा नव्हता. “आईला कळलं तर ती खचेल.” मला त्या क्षणी फार भीती वाटली. रात्री-अपरात्री कळा सुरू होणार, प्रसूतिगृहातल्या सिस्टरला काहीच माहीत नसणार, आणि इम्युनोग्लोब्युलिन सगळीकडे फ्रीजमध्ये तयार असतंच असं नाही. मी तिला म्हटलं, “आईला कधी सांगायचं ते तू ठरव. पण दवाखान्यात आधी सांग.” तिच्यासमोरच माहेरच्या दवाखान्याला फोन लावला, इंजेक्शन मागवून ठेवायला सांगितलं, आणि माता-बाल कार्डाला रिपोर्टची प्रत स्टेपल केली.

मुलगी पहाटे झाली. सकाळी दहाच्या आत दोन्ही मांड्यांवर कापसाचे बोळे होते. आईला तिने त्याच दिवशी सांगितलं.

मुलगी दहा महिन्यांची झाल्यावर रक्त तपासलं. विषाणू नाही, संरक्षक प्रतिपिंडं भरपूर. त्या दिवशी सुमनची आईही सोबत होती. सुमनचा जन्म घरी झालेला, आणि ही लस देशभर सगळ्या बाळांना मिळू लागली ती २०११पासून. आईची तपासणी मी आधीच सुचवली होती. ती पॉझिटिव्ह आली होती. नातीला मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, “माझ्या वेळी कुणी सांगितलंच नाही गं.”

मी त्यांची यकृताच्या तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली.