एमटीबीला हलके डिस्क ब्रेक, तेही बजेटमध्ये: पैसे कुठे घालायचे

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी: २९ इंची चाकांची हार्डटेल माउंटन बाइक (सस्पेन्शन फक्त पुढे), वजन १३ किलोच्या आसपास, मूळचेच केबलवाले डिस्क ब्रेक, पुढे-मागे १६० मिमी रोटर (ब्रेकची चकती), तुमचं वजन ७८ किलो. जुने टॉप-एंड ब्रेक सेकंडहँड घ्यावेत, की साधे हायड्रॉलिक (तेलावर चालणारे) घेऊन त्यावर जाळीदार हलके रोटर चढवावेत, असा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. मधल्या श्रेणीतला दोन पिस्टनचा नवा सेट घ्या आणि ग्रॅम वाचवायचे ते रोटरची जात, अडॅप्टर (कॅलिपर बसवायचा जोडतुकडा) आणि मागच्या रोटरचं माप यांत वाचवा. महागड्या लिव्हरमध्ये एका ग्रॅमला जेवढे पैसे जातात, तेवढे बाकी कुठेच जात नाहीत.

आधी वजनाचं बघू. केबलच्या ब्रेकमध्ये नुसता कॅलिपरच (पॅड रोटरवर दाबणारा भाग) साधारण २०० ग्रॅम भरतो. त्यात लिव्हर, केबल आणि आउटर धरले की एका चाकामागे ३५० च्या पुढे जातं. बेसिक हायड्रॉलिक सेट लिव्हर, होज (तेलाची नळी), कॅलिपर आणि तेल धरून ३०० च्या आसपास बसतो. म्हणजे हायड्रॉलिक घेतलेत की तिथेच वजन उतरतं, आणि ब्रेक जास्त चांगला लागतो तो वेगळा. याउलट शिमानोचा डिओरे एम६१०० आणि एक्सटीआर एम९१०० यांच्यातला फरक दोन्ही चाकं मिळून जेमतेम शंभरेक ग्रॅम, आणि किमतीत मात्र काही पट. शिवाय एक्सटीआरच्या रेस लिव्हरमध्ये वजनासाठी सर्व्हो-वेव्ह (लिव्हरचा जोर वाढवणारी शिमानोची यंत्रणा) काढून टाकलेलं आहे. डिओरेच्या लिव्हरमध्ये ते आहे, त्यामुळे बोटाला जोर कमी लागतो.

जाहिरातीतलं वजन वाचताना त्यात काय धरलंय ते बघा. बहुतेक आकडे पुढच्या ब्रेकचे, आखूड होजसकट, पण रोटर, अडॅप्टर आणि बोल्ट सोडून दिलेले असतात. मागच्या ब्रेकची होज लांब असते, त्यामुळे तो नेहमी जड भरतो. आणि रोटरचं वजन 'फिरतं वजन' म्हणून जास्त मोजायला हवं, हे विक्रीचं बोलणं आहे. रोटर हबला चिकटून फिरतो. त्याला फिरवायला लागणारी ऊर्जा त्याच वजनाच्या टायरच्या पाच टक्केही नसते. रोटरवरचा ग्रॅम आणि फ्रेमवरचा ग्रॅम यांत व्यवहारात फरक नाही.

आता मॉडेल. शिमानो एमटी२०० सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ, पण त्यात सर्व्हो-वेव्ह नाही. सपाट ट्रेल असेल तर चालून जातो. तुमचं वजन बघता डिओरे एम६१०० पर्यंत जा. त्याच्या वर एसएलएक्सला काही ग्रॅम आणि थोडी फिनिशिंग मिळते, बजेट ताणावं एवढं काही नाही. खरोखर हलकं आणि तरी आवाक्यातलं हवं असेल तर माग्युराचे एमटी स्पोर्ट किंवा एमटी४ बघा. त्यांच्या मास्टर सिलिंडरची (लिव्हरजवळचा तेल ढकलणारा भाग) बॉडी कार्बन फायबर मिसळलेल्या प्लास्टिकची असते, वजन तिथे वाचतं. पण जपून. हँडलच्या क्लॅम्पचा बोल्ट फक्त ४ न्यूटन-मीटर आवळायचा. शिमानोच्या सवयीने ६ ते ८ ला आवळलात तर बॉडीला तडा जाऊ शकतो. टॉर्क पाना नसेल तर माग्युराच्या वाटेला जाऊ नका. दुसरं, माग्युराला २ मिमी जाडीचा रोटर लागतो. १.८ मिमीचा पातळ रोटर घातला की पिस्टनला जास्त पुढे यावं लागतं आणि लिव्हर हँडलकडे लांब जाते. मग लोक ब्लीड करत (तेलातली हवा काढत) बसतात आणि हवा काही सापडत नाही.

स्रॅमचे लेव्हल ब्रेक वाईट नाहीत, पण त्यांच्यात डॉट ५.१ द्रव असतो. तो हवेतली ओल शोषतो, म्हणून साधारण वर्षा-दोन वर्षांनी बदलावा लागतो, आणि सांडला तर रंग उतरवतो. शिमानो आणि माग्युरात मिनरल ऑइल असतं. ते पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी सगळ्यात खाली म्हणजे कॅलिपरमध्ये साठतं, त्यामुळे तेही अधूनमधून बदलावंच. एकाच्या सिस्टिममध्ये दुसऱ्याचं तेल चुकूनही घालू नका. सील फुगतात आणि ब्रेक कायमचा बाद होतो. डॉट ५ नावाचा सिलिकॉनचा द्रव वेगळाच असतो, आकडा जवळचा दिसला म्हणून तो ५.१ च्या जागी चालत नाही.

रोटरवर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सायकलसकट ९० किलोचा ऐवज १०० मीटर खाली उतरला की सुमारे ८८ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते, आणि तीव्र उताराच्या, संथ ट्रेलवर तिचा बहुतांश भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. १०० ग्रॅम स्टीलचं तापमान एक अंशाने वाढवायला ५० ज्यूलच्या आसपास पुरतात. म्हणजे रोटर ही उष्णता धरून ठेवू शकत नाही, त्याला ती हवेत टाकावीच लागते. जाळीदार रोटरमध्ये, १६० मिमीला ऐंशी-नव्वद ग्रॅमवाल्या, धातू कमी आणि पॅडला टेकणारी पट्टीही कमी. तो लवकर तापतो, तापला की हलकासा वाकतो आणि थंड होईपर्यंत पॅडला घासत राहतो. मोठमोठ्या भोकांच्या कडांनी पॅड झिजतात ते निराळंच. पट्टी अरुंद असेल तर पॅडच्या कडेला न झिजलेली कंगोरी उरते. पॅड अर्धा झाला की समोरासमोरच्या दोन कंगोऱ्या एकमेकींना टेकतात आणि ब्रेक लागेनासा होतो, वरून मात्र पॅड शिल्लक दिसतो. ५५-६० किलोच्या रेसरला चढाच्या कोर्सवर हे रोटर ठीक. तुम्हाला नाही.

त्याऐवजी पुढे १८० आणि मागे १६० ठेवा. १६० वरून १८० वर गेलात की लिव्हरवरच्या तेवढ्याच जोरात साडेबारा टक्के जास्त टॉर्क मिळतो, आणि उष्णता टाकायला पृष्ठभागही वाढतो. त्यासाठी रोटरमध्ये तीस-चाळीस ग्रॅम वाढतील, ते वाढू द्या. ते वसूल करायचे दोन मार्ग आहेत. एक, सेटबरोबर येणारे जाड स्टीलचे रोटर न घेता त्याच मापाचे एक पायरी वरचे घ्या. ब्रँड कुठलाही असो, मापात काटछाट न करता वजन कमी करायची हीच जागा. दोन, फोर्कचा माउंट बघा. फोर्क थेट १८० साठी पोस्ट माउंट (कॅलिपर सरळ बोल्टने बसतो तो प्रकार) असेल तर अडॅप्टर लागतच नाही. १६० चा असेल तर अडॅप्टर आणि लांब बोल्ट लागतात. उलट १८० च्या फोर्कवर १६० चा रोटर बसत नाही, हे न बघता लोक रोटर मागवून मोकळे होतात. हब सहा बोल्टचा की सेंटर लॉक (रोटर खाचांवर बसवून एका रिंगने आवळायचा) तेही आधी पाहा. सेंटर लॉक हबवर अडॅप्टर लावून सहा बोल्टचा रोटर बसवणं म्हणजे हलका रोटर घेऊन वाचवलेलं वजन परत चढवणं.

स्वस्त रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असतं, तो इशारा खरा आहे. त्याचं स्टील मऊ असतं. त्यावर सिंटर्ड (धातूचे) पॅड घातले तर रोटर भराभर झिजतो. शिमानोचा नवा रोटर १.८ मिमी असतो, १.५ ला आला की बदलायचा. माग्युराचा २ वरून १.८ ला. स्वस्तातला व्हर्नियर कॅलिपर घेऊन ठेवा आणि मोजताना मधल्या झिजलेल्या पट्टीवर मोजा, कडेला जाडी जास्तच दिसते. कोरड्या ट्रेलला रेझिन पॅड पुरतात, आवाजही कमी. चिखल आणि लांब उतार असतील तर सिंटर्ड, पण रोटर त्याला चालणारा हवा.

टायटॅनियमच्या रोटर बोल्टचं विचारलंत. बारा बोल्ट मिळून दहाएक ग्रॅम वाचतात. हौस असेल तर लावा. अॅल्युमिनियमचे बोल्ट मात्र रोटरला किंवा कॅलिपरला कधीच नाही.

सेकंडहँड टॉप-एंडला नाही म्हणायचं कारण सुटे भाग. शिमानो कॅलिपरचे पिस्टन आणि सील सुटे विकत नाही, आणि बऱ्याच वरच्या मॉडेलचे पिस्टन सिरॅमिकचे असतात, पॅड नसताना किंवा तिरका जोर लागला की कड उडते. गळायला लागला की कॅलिपरच बदला. होपचे जुने ब्रेक मिळाले तर गोष्ट वेगळी, त्यांचे सील मिळतात आणि ते उघडून दुरुस्त होतात, पण ते फारसे हलके नसतात. तरीही जुना घ्यायचाच असेल तर लिव्हर जोरात दाबून एक मिनिट धरा. ती हळूहळू आत जात राहिली तर सोडून द्या. मग पॅड काढून त्याची मागची बाजू बघा. तिथे ओल दिसली तर पिस्टन पाझरतोय.

बसवताना होज कापावी लागेल. सेट तेल भरून येतो, पण कुठल्या हाताला कुठला ब्रेक आणि त्याची होज केवढी, ते घेण्याआधी विचारा. शिमानोच्या लिव्हर डाव्या-उजव्या वेगळ्या असतात, आणि तुमच्या सवयीच्या उलट जोडलेला सेट आला तर पुढची होज मागे पुरत नाही. कापण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लांबी ठरवा. धारदार ब्लेडने होज काटकोनात कापा, तिरका काप राहिला की इन्सर्ट (होजच्या तोंडात बसवायची छोटी नळी) नीट बसत नाही आणि तिथून पाझरतं. नवी ऑलिव्ह (होजवर दाबून बसणारी रिंग) आणि नवा इन्सर्ट वापरा, आणि होजच्या मॉडेलप्रमाणेच घ्या. शिमानोच्या बीएच५९ आणि बीएच९० या होजचे भाग एकमेकांत चालत नाहीत. आठच्या पान्याने नट ५ ते ६ न्यूटन-मीटर. हे सगळं होईपर्यंत कॅलिपरमध्ये प्लास्टिकचा स्पेसर राहू द्या, एकदा जरी मोकळी लिव्हर दाबली गेली तर पिस्टन बाहेर येऊन बसतात. शेवटी लिव्हर आडवी करून फनेल (तेलाचं नरसाळं) लावा, होजवर खालून वर टिचक्या मारा आणि लिव्हर सावकाश दाबा. दोन-चार बुडबुडे आले की बहुतेक वेळा पूर्ण ब्लीडची गरज पडत नाही.

कॅलिपरचे बोल्ट सैल करून लिव्हर दाबून धरा आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, शिमानोला ६ ते ८ न्यूटन-मीटर. मग मागे पांढरा कागद धरून फटीतून बघा. दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला पाहिजे. एकच पिस्टन हलत असेल तर त्याला प्लास्टिकच्या पट्टीने थोपवून दुसरा मिलिमीटरभर बाहेर आणा, कडेला कापसाच्या काडीने मिनरल ऑइल लावा, पुसा आणि परत आत ढकला. रोटरवर तेलाचा थेंब गेला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ होतो. रेझिन पॅडवर गेला तर पॅड फेकायचे, भाजून ते सुधारतात यावर भरवसा ठेवू नका. चेनला स्प्रेचं तेल मारताना रोटर झाका, निम्मे 'ब्रेक किंचाळतो' वाले प्रश्न तिथूनच येतात.

नवे पॅड बसवल्यावर ताशी वीसेक किलोमीटरवरून चालण्याच्या वेगापर्यंत वीस वेळा, मग तिशीवरून दहा वेळा, एकसारख्या जोराने वेग उतरवा. चाक लॉक करायचं नाही आणि मध्ये पूर्ण थांबायचं नाही, नाहीतर पॅडचा ठसा रोटरवर एका जागी बसतो आणि ब्रेक धडधडतो. पुढचा आणि मागचा वेगवेगळा करा.

एवढं करून पैसे उरले तर ट्यूब काढून ट्यूबलेस करा. २९ इंची साधी ट्यूब २०० ग्रॅमच्या आसपास असते आणि सीलंट त्याच्या निम्मं. डिओरे ते एक्सटीआर एवढ्या उडीत जेवढं वजन वाचतं, त्याच्या जवळपास दुप्पट दोन चाकांत वाचतं, तेही कडेला, जिथे ते खरंच जाणवतं.

फोर्कचं नेमकं मॉडेल, मागचा माउंट आयएस (अडॅप्टर लागणारा जुना प्रकार) आहे की पोस्ट, आणि हब कुठला, हे तिन्ही लिहा. म्हणजे अडॅप्टर लागतो का आणि कुठला, ते सांगता येईल.