दमट हवेत शहर फिरायला जाताना

पहिल्यांदाच जाताय ना, मग जीन्स घरीच ठेवा. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून अंगही गार होत नाही. जाड डेनिम एकदा भिजली की दिवसभर चिकटते, आणि रात्री धुतली तर सकाळी ओलीच हातात येते. सैल लिनन किंवा पातळ सुती कपडे घ्या. फिकट राखाडी टाळा, घामाचे डाग त्यावर लगेच उठून दिसतात. बूट पायाला सरावलेलेच हवेत. मोज्यांचा जास्तीचा जोड रोज पिशवीत ठेवा. दुपारी ओले मोजे बदलायला लागल्यापासून माझ्या पायांना फोड आले नाहीत. मांड्या घासत असतील तर आतून सायकलिंग शॉर्ट्स घाला, संकोच करू नका. घडीची छत्री. आणि हो, एक पातळ शर्ट वरून घालायला हवाच, घामेजल्या अंगाला संग्रहालयातला एसी फार बोचतो.