फौजी नवऱ्याची बदली झाली की आवडलेल्या शहराचा निरोप कसा घ्यायचा?

तुम्ही लिहिलंय की लग्नानंतरचं पहिलं घर जिथे मांडलं ते शहर आता सोडायचंय, निघायचं म्हटलं की रडू येतं, आणि दर दोन-तीन वर्षांनी हेच होणार असेल तर निरोप घ्यायचा तरी कसा? माझे मिस्टर सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहनाच्या शाखेत आहेत, सध्या नायब सुभेदार. त्यांची प्रशिक्षण केंद्रं तिथे असल्याने सिग्नल्सवाल्यांच्या घरात जबलपूर आणि महू ही नावं कायम कानावर असतात. आम्ही जबलपूर सोडलं तेव्हाचंच सांगते, कारण सगळ्यात जास्त जीव मी तिथेच लावला होता.

पलटणीत निरोपाची सगळी व्यवस्था तयार असते. बडाखाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण होतं, साहेब दोन शब्द बोलतात, मेमेंटो मिळतो, फोटो निघतो. बायकांच्या वेल्फेअर मीटमध्येही हार, भेटवस्तू, थोडं रडणं. छानच असतं ते. पण गंमत अशी की ही माणसं पुन्हा भेटतात. जबलपूरला शेजारच्या क्वार्टरमध्ये असलेली भाभी दोन पोस्टिंगांनंतर महूच्या कॅन्टीनच्या रांगेत पुढे उभी असते, आणि साबणाच्या वड्या मोजता मोजता गप्पा जिथे थांबल्या होत्या तिथून सुरू होतात. न भेटणारी माणसं छावणीच्या बाहेरची. ब्लाउज शिवणारी, मुलांना शाळेत नेणारा रिक्षावाला, सिव्हिलमधली एखादी मैत्रीण. त्यांच्यासाठी कुणी बडाखाना ठेवत नाही. तिथला निरोप आपला आपणच घ्यावा लागतो, आणि तोच नेमका राहून जातो.

म्हणून पहिलं काम, अशा माणसांची यादी करा आणि निघायच्या महिनाभर आधीच एकेकाकडे जाऊन या. शेवटच्या आठवड्यावर ठेवलंत तर राहिलंच म्हणून समजा. तो आठवडा तुमचा नसतोच. क्वार्टर परत करताना एमईएसचा (सैन्याच्या इमारती सांभाळणाऱ्या खात्याचा) माणूस वही घेऊन येतो, पंखे, ट्यूबलाइट, नळ, किल्ल्या मोजतो आणि फुटलेल्या काचेचे पैसे लावतो. काळ्या पेट्यांवर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव लिहायचं असतं, मधे प्रमोशन झालेलं असलं तर जुना रँक खरवडायचा. कूलर कुणाला द्यायचा, तुळस कुणाच्या दारात ठेवायची, या घरचे पडदे त्या घरच्या खिडक्यांना पुरणार का (कधीच पुरत नाहीत). त्यात रिक्षावाल्याला भेटायचं कुणाला आठवतंय?

मी सदर बाजारातल्या माझ्या शिलाईवालीला सांगायला गेले तर तिने काही विचारलंच नाही. छावणीजवळ दुकान म्हणजे तिला सवय असणार. वहीतलं माझ्या मापांचं पान तेवढं फाडून हातात दिलं आणि म्हणाली, पुढच्या शिंप्याला हे दाखवा, पण गळा थोडा वर घ्यायला सांगा. मला वाटलं होतं रडारड होईल. तिने कामाचं बोलून मला मोकळं केलं. बहुतेक ठिकाणी असंच होतं. लोक आपल्यापेक्षा शहाणे असतात. आपण फक्त तोंड दाखवायचं असतं.

दुसरं म्हणजे निरोपाची म्हणून मुद्दाम सहल काढू नका. भेडाघाट, धुवांधार धबधबा आम्ही गावाकडून कुणीही आलं की दाखवतच होतो. संगमरवराच्या कड्यांमधून नाव नेताना नावाडी यमकं जुळवून माहिती सांगतात, ती यमकं मला जवळजवळ पाठ झाली होती. मदनमहालचा तो एकावर एक तोललेला दगडही बघून झालेला, 1997 च्या भूकंपातही जो जागचा हलला नाही. (मिस्टर म्हणतात, त्याला पोस्टिंग ऑर्डर आलेली नाही म्हणून.) ही सगळी पाहुण्यांची ठिकाणं. नंतर आठवण आली ती सकाळच्या रिज रोडची आणि नर्मदेकाठच्या ग्वारीघाटाच्या पायऱ्यांची. तेव्हा तुमचं रोजचं जे असेल, भाजीचा रस्ता असो की एखादं देऊळ, तिथे एकदा एकटीने जा. फोन घरी ठेवा. नवऱ्यालाही नेऊ नका, तो घड्याळ बघत राहतो.

आता जरा अवघड भाग. मी बी.एड. आहे. जबलपूरला एका खासगी शाळेत शिकवत होते. छावणीत माझी ओळख साहेबांची फॅमिली एवढीच. शाळेत मात्र मी मॅडम होते, माझ्या नावाचा मस्टर होता, माझे विद्यार्थी होते. बदली आली तेव्हा माझं हेच सुटत होतं, आणि घरात ते मोठ्याने बोलायला मला जड जात होतं, कारण मिस्टरांना पुढचं पोस्टिंग फील्डचं आलं होतं. तिकडे कुटुंब नेता येत नाही. जो माणूस 99 एपीओ (सैन्याचं टपाल कार्यालय) अशा पत्त्यावर, जागेचं नावही नसलेल्या ठिकाणी निघालाय, त्याच्यापुढे माझी शाळा सुटते म्हणून कसं रडायचं? पण रडावं असं मला आता वाटतं. तुमचीही नोकरी, क्लास, शिकवण्या असं काही सुटत असेल तर त्याचं दुःख वेगळं मोजा. ते नवऱ्याच्या त्रासाशी तोलायचं नसतं. आणि निघण्याआधी अनुभवाचं प्रमाणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर, तारखा, इयत्ता, विषय घालून, सहीशिक्क्यासह हातात घ्या. नंतर फोनवर मागितलं तर मिळता मिळत नाही.

मुलं असतील किंवा पुढे होतील म्हणून थोडं. शाळेची फार काळजी करू नका. केंद्रीय विद्यालयं मुळात बदलीवाल्यांच्या मुलांसाठीच निघाली. 1963 मध्ये सुरुवात झाली तीच छावण्यांतल्या 20 रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन. देशभर एकच अभ्यासक्रम, वर्षाच्या मधे बदली झाली तरी वर्ष वाया जात नाही. अडचण मित्रांची असते. पोराच्या दोन-तीन जवळच्या मित्रांच्या आयांचे नंबर तुम्ही स्वतः घेऊन ठेवा, पोरं आडनावंसुद्धा विचारत नाहीत एकमेकांना. आणि नवीन ठिकाण किती छान आहे हे त्यांना आधीपासून पटवत बसू नका. आमचा मुलगा एकदा म्हणाला होता, छान असेल तर असू दे, मला नकोय.

त्रास कमी होतो का, हेही तुम्ही विचारलंय. माझा नाही झाला. सामान बांधायचा वेग वाढला, तेवढा फायदा. काही बायका दोन-तीन बदल्यांनंतर शहराशी संबंधच ठेवत नाहीत, कॅन्टीन, शाळा, क्वार्टर एवढ्यातच राहतात, म्हणजे सोडताना काही वाटायला नको. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण मला ते जमलं नाही, आणि तुम्ही रडताय म्हणजे तुम्हालाही जमणार नाही असं दिसतंय.

मागे राहिलेल्यांना वर्षातून एकदा फोन पुरतो. मी दिवाळीला करते. रोज मेसेज पाठवत राहिलं तर नव्या ठिकाणी पाय टेकत नाहीत, हे पहिल्या काही महिन्यांत तरी पाळा. आणि गॅसचं ट्रान्सफर व्हाउचर वेळेवर करून घ्या, नाहीतर नव्या घरी पहिले काही दिवस शेजारणीच्या शेगडीवर चहा करायची वेळ येते. अर्थात ओळख त्यानेही होते.