रोपवाटिकेचा इतिहास सांगणारी बाग

प्रश्न : आमची रोपवाटिका आजोबांनी सुरू केली आणि आज तिसरी पिढी ती सांभाळत आहे. येत्या हिवाळ्यातील पुष्पप्रदर्शनात पंधरा बाय वीस फुटांच्या जागेत तिच्या इतिहासावर आधारित बाग मांडण्याचा विचार आहे. त्यासाठी जुनी छायाचित्रे आणि माहितीफलक पुरेसे होतील का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : छायाचित्रे एक-दोन जरूर लावा, पण इतिहास सांगण्याचे काम झाडांवरच सोपवा, असा माझा आग्रह आहे. कोणते झाड कोठून आले, ते कोणी आणले आणि एकाची अनेक रोपे कशी झाली, हाच रोपवाटिकेचा खरा इतिहास असतो. इंग्लंडमधील व्हीच घराण्याच्या रोपवाटिकेचे उदाहरण पाहा. तिने विल्यम आणि थॉमस लॉब या भावांना दूरदेशी पाठवले, विल्यमने १८५३ मध्ये कॅलिफोर्नियातील महाकाय सिकोया वृक्षाचे बी इंग्लंडमध्ये आणले आणि १८५६ मध्ये तेथील जॉन डॉमिनी यांनी हाताने परागीकरण करून वाढवलेले पहिले संकरित ऑर्किड फुलले. पुढे १८९९ मध्ये रुमालासारख्या पांढऱ्या पुष्पपत्रांच्या डेव्हिडिया वृक्षासाठी तिने अर्नेस्ट विल्सन यांना चीनला धाडले, तर ज्या झाडाचा ठावठिकाणा त्यांना मिळाला होता ते तोडून त्याच्या लाकडातून घर उभे राहिलेले त्यांना आढळले. नंतर त्यांना तीच झाडे अन्यत्र सापडली. ही हकीकत मला फार मोलाची वाटते. तुमच्या घरातही न जगलेल्या रोपांच्या आठवणी असतील. त्यांपैकी एखादी बागेत अवश्य येऊ द्या.

तुमच्या बागेचा गाभा सोनचाफा होऊ शकेल. बियांपासून वाढलेला सोनचाफा फुलायला अनेक वर्षे घेतो, कलम मात्र एक-दोन वर्षांतच फुलू लागते. म्हणून उंच वाढलेले पण न फुललेले बियांचे झाड आणि त्याच्या शेजारी ठेंगणे कलम ठेवून, कलमाचा सांधा पाहणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात येईल अशी मांडणी करावी. त्यापुढे डाळिंब किंवा लिंबाच्या गुटीचे, म्हणजे झाडावरच फांदीला मुळे फोडून रोप करण्याच्या पद्धतीचे, टप्पे क्रमाने ठेवावेत: साल काढून ओले शेवाळ बांधलेली फांदी, मुळे फुटलेली गुटी, पिशवीतील रोप आणि फळावर आलेले झाड. गुटी बांधण्याचा योग्य काळ पावसाळा असल्याने ही तयारी जून-जुलैमध्येच सुरू करावी लागेल. शेवटच्या आठवड्यात ती होणार नाही.

मोगऱ्यावर विसंबू नका. त्याचा मुख्य बहर उन्हाळ्यात असतो. हिवाळ्यातील रंगांसाठी शेवंती आणि झेंडू पुरेसे आहेत.

आजोबांच्या काळातील झारी, मातीच्या कुंड्या आणि कलम करण्याचा चाकू असल्यास कामाच्या एका ओट्यावर मांडा. बागेतील कुंड्या काठापर्यंत मातीत पुराव्यात, म्हणजे झाडे तिथेच वाढल्यासारखी दिसतील आणि प्रदर्शन संपताच मुळे न दुखावता परत नेता येतील. प्रत्येक पाटीवर झाडाचे नाव, ते कोठून आले ते गाव आणि कलम बांधणाऱ्याचे नाव लिहावे; आज काम करणाऱ्या माळ्यांची नावेही त्यांत असावीत.