सॉफ्ट टॉपॉलॉजीत पीएच.डी. करावी का?

प्रश्न : मी घाटंजी तालुक्यातील एका खेड्यात राहते. यंदा गणितात एम.एस्सी. झाले. एका प्राध्यापकांनी पीएच.डी.साठी ‘जनरलाइज्ड सॉफ्ट टॉपॉलॉजिकल स्पेसेसमधील सेपरेशन ॲक्सिअम्स’ हा विषय सुचवला आहे. घरी कोरडवाहू शेती आहे. बाबा विचारतात, याने पोट भरेल का? विषय घ्यावा, की आधी नेट द्यावी?

उत्तर : बाबांचा प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर विषयाच्या नावात नाही. त्यामुळे आधी विषयाकडे पाहू.

टॉपॉलॉजी म्हणजे संचाचे कोणते उपसंच ‘ओपन’ मानायचे हे ठरवणारी रचना. दोन भिन्न बिंदू ओपन सेटच्या साहाय्याने कितपत वेगळे करता येतात, हे सेपरेशन ॲक्सिअम्स सांगतात, हे तुम्ही शिकलाच आहात. 1999 मध्ये मोलोद्त्सोव्ह यांनी सॉफ्ट सेट, म्हणजे प्रत्येक प्राचलाखाली (निकषाखाली) वस्तूंचा एक संच ठेवणारी रचना, मांडला, 2002 मध्ये हंगेरीच्या चासार यांनी जनरलाइज्ड टॉपॉलॉजी मांडली आणि 2011 मध्ये शबीर व नाझ यांनी सॉफ्ट सेटवर टॉपॉलॉजी उभी केली. तुमचा विषय या वाटा जिथे मिळतात तिथला आहे.

चासार यांच्या व्याख्येत ओपन सेटचे संयोग ओपन असतात, छेद मात्र ओपन असण्याची सक्ती नाही. तीन वावरांचा संच घ्या आणि रिक्त संच, कोणत्याही दोन वावरांच्या जोड्या व पूर्ण संच एवढेच ओपन माना. ही रचना टी-वन आहे, म्हणजे कोणत्याही दोन वावरांपैकी प्रत्येकासाठी दुसऱ्याला वगळणारा ओपन सेट मिळतो, तरीही एकटे वावर ओपन नाही. साध्या टॉपॉलॉजीत सांत टी-वन अवकाश डिस्क्रीट (प्रत्येक उपसंच ओपन असलेला) असावाच लागतो, इथे तो नियम ढासळतो.

सॉफ्ट सेटमध्ये गुंता आणखी वाढतो. नदीकाठचे आणि बरडाचे अशी दोन वावरे घ्या, आणि ‘जमीन’ व ‘पाणी’ ही दोन प्राचले. पहिल्या सॉफ्ट ओपन सेटमध्ये ‘जमीन’खाली फक्त नदीकाठचे वावर आणि ‘पाणी’खाली दोन्ही आहेत, दुसऱ्यात ‘जमीन’खाली फक्त बरडाचे आणि ‘पाणी’खाली दोन्ही. या दोघांसोबत रिक्त आणि पूर्ण सॉफ्ट सेट घेतले की जनरलाइज्ड सॉफ्ट टॉपॉलॉजी तयार होते. शबीर-नाझ यांच्या पद्धतीने वस्तू सॉफ्ट सेटमध्ये ‘आहे’ असे म्हणायला ती प्रत्येक प्राचलाखाली असावी लागते, पण ‘नाही’ म्हणायला एका प्राचलाखाली नसली तरी पुरते. त्यामुळे हा अवकाश सॉफ्ट टी-वन ठरतो, आणि तरीही केवळ ‘पाणी’ पाहिले तर दोन वावरांत काहीच फरक उरत नाही. टी-टूमध्ये, म्हणजे दोन बिंदूंसाठी एकमेकांना न छेदणारे ओपन सेट मागणाऱ्या अटीत, मात्र दोन सॉफ्ट सेट प्रत्येक प्राचलाखाली विभक्त असावे लागतात, म्हणून तिथे ही पळवाट राहत नाही.

या क्षेत्रावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो मला बऱ्याच अंशी पटतो. सॉफ्ट सेट म्हणजे शेवटी प्राचल आणि वस्तू यांच्या जोड्यांचा साधा उपसंच असतो, म्हणून या जोड्यांवरच्या नेहमीच्या टॉपॉलॉजीतून अनेक ‘नवी’ प्रमेये आयती निघतात. नुसती व्याख्या बदलून पन्नास पाने भरणारे प्रबंध याच वाटेने तयार होतात. जे खरोखर वेगळे आहे ते वर सांगितलेल्या ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या विषमतेत आहे. तेव्हा मार्गदर्शकांना नम्रपणे विचारा की त्यांच्या मनातील कोणता प्रश्न जोड्यांच्या भाषेत मांडल्यावरही शिल्लक राहतो. त्यांनी एक जरी नेमका प्रश्न दाखवला, तर विषय घेण्यास माझी हरकत नाही.

पोटापाण्याविषयी थोडक्यात. 2023 च्या यूजीसी नियमदुरुस्तीनुसार सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट ही राष्ट्रीय किंवा सेट, स्लेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे ही किमान अर्हता आहे, केवळ पीएच.डी.च्या भरवशावर राहून तासिका तत्त्वावर वर्षे घालवणे मी सुचवणार नाही. सीएसआयआर-नेटच्या गणिताच्या अभ्यासक्रमात सेपरेशन ॲक्सिअम्स नावानिशी आहेत, पण ते साध्या टॉपॉलॉजीतले. रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जेब्राही तितक्याच जोमाने करावे लागेल. नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात, आणि कोरडवाहू घरासाठी हा आधार लहान नाही. सेटची तयारी त्याच अभ्यासात होते.

म्हणून नोंदणीची घाई करू नका. पुढचे वर्ष नेट आणि सेटला द्या, आणि रविवारचे दोन तास वरची दोन्ही उदाहरणे वहीत पूर्ण सोडवण्यासाठी राखा. ती सोडवताना तुमच्या मनात स्वतःचा एखादा प्रश्न उभा राहिला, तर तो घेऊनच मार्गदर्शकांकडे जा.