वाचकांचे प्रश्न : वजन उतरतं, पण टिकत का नाही?

प्रश्न : वय 41. पोळी-भात पूर्ण बंद केला. रात्री फक्त सूप आणि काकडी-टोमॅटो. तीन महिन्यांत आठ किलो उतरलं आणि वर्ष व्हायच्या आत सगळं परत आलं. कुठे चुकलं?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : वेगात आणि प्रथिनांत. पोळी-भात एकदम तोडला की पहिल्याच आठवड्यात काटा भराभर खाली येतो, पण त्यात चरबी थोडीच असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराची राखीव साखर, आधी संपतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, तेही निघून जातं. नेहमीचं जेवण सुरू झालं की हे पाणी लगेच परत. पुढे महिनोन् महिने सूप-काकडीवर काढले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, शरीराची रोजची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते. अशा वेळी जुनं ताट समोर आलं की वजन वाढणारच. तो मनाचा दुबळेपणा नव्हे.

सहा महिन्यांत सध्याच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के एवढंच लक्ष्य ठेवा. 70 किलो असाल तर साडेतीन ते सात किलो. पोळी-भात बंद करू नका, त्यांच्या शेजारचं वाढवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं हवीत; 60 किलोंना 50 ग्रॅम. आता घरचं वरण बघा. चौघांच्या कुकरला अर्धी वाटी तूरडाळ लागते, म्हणजे माणशी जेमतेम 15 ग्रॅम डाळ आणि साडेतीन ग्रॅम प्रथिनं. बाकी सगळं पाणी! माणशी 30 ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य दोन्ही वेळा लावलं तर 14 ग्रॅम मिळतात. चार फुलक्यांतून 12, तीनशे मिली दूध-दह्यातून 10, दोन अंड्यांतून 12 (अंडं चालत नसेल तर 25 ग्रॅम सोयाबीन वड्या). पन्नाशी जवळजवळ गाठली. भाजीची वाटी दुप्पट करा, भात अर्धी वाटी ठेवा. रात्रीचं जेवण टाळू नका. ते टाळलं की दहा वाजता डबे उघडले जातात. शिवाय आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, भरलेल्या बाटल्या उचलणं. स्नायू टिकवायला नुसतं चालणं पुरत नाही.

प्रश्न : आम्ही बाहेरचं खात नाही, तेलही कमीच वापरतो. तरी घरात चौघांचीही वजनं वाढतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘कमीच’ म्हणजे किती, ते मोजल्याशिवाय कळत नाही. नवी पिशवी फोडाल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा आणि ती संपल्यावर दुसरी. वजन उतरवायचं असेल तर माणशी दिवसाला 15 ते 20 ग्रॅम तेल-तूप, म्हणजे चौघांना महिन्याला दोन ते अडीच लिटर. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर उत्तर तिथेच आहे. एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात, आणि किटलीतून धार सोडली की दोन चमचे कधी पडले ते समजतही नाही.

पण निम्मं तेल कापून त्याच मोठ्या कढईत फोडणी केली तर मोहरी तडतडायच्या आत हिंग-हळद जळते, कांदा तळाला चिकटतो, भाजी कडवट लागते आणि चौथ्या दिवशी किटली पुन्हा हातात येते. म्हणून फोडणी लोखंडी पळीत, दोन छोटे चमचे तेलात वेगळी करा आणि शिजलेल्या आमटीवर ओता. कांदा परतताना लागायला लागला की तेल नको, चमचाभर पाणी शिंपडा. फळभाजीवर खोलगट ताटली झाकून तिच्यात पाणी ठेवा. आतली वाफ ताटलीला लागून थेंबांनी खाली पडते, भाजी तळाला धरत नाही. तरी कोरडी वाटलीच तर ताटलीतलं गरम झालेलं पाणी तिच्यातच घाला. आजीच्या काळची ही रीत नॉनस्टिक भांडी आली तशी मागे पडली, एरवी तिच्यात उणं काही नव्हतं.

दाण्याचं कूट आणि सुकं खोबरंही या हिशेबात धरा. मोठा चमचाभर कूट म्हणजे साधारण 50 कॅलरी. भरल्या वांग्यांत तसे सहा-सात चमचे सहज जातात, शिवाय वर तर्री. आणि पाचच्या चहाबरोबरचं फरसाण ‘बाहेरचं’ धरलं जात नाही, असा आमचा अंदाज आहे. 30 ग्रॅमच्या मुठीत दीडशेच्या वर कॅलरी असतात. पिशवीतून थेट खाऊ नका, वाटीत काढून पिशवी आत ठेवा.

प्रश्न : गुरुवार आणि संकष्टीचा उपवास असतो. वजन कमी व्हायला हवं ना?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : साबुदाण्याच्या खिचडीच्या एका ताटाचा हिशेब करू. 75 ग्रॅम कोरडा साबुदाणा 260 कॅलरी, 30 ग्रॅम कूट 170, दीड मोठा चमचा तूप 180, अर्धा बटाटा 40. एकूण 650. दोन फुलके, भाजी, घट्ट वरण आणि अर्धी वाटी भात मिळून सुमारे 500 होतात. खिचडीत प्रथिनं येतात ती जवळजवळ सगळी कुटातली. साबुदाणा नुसता स्टार्च, म्हणून तीन तासांत पुन्हा भूक लागते. त्याऐवजी वरईचा भात, लाल भोपळ्याची उपवासाची भाजी, थोडं कूट घातलेली खमंग काकडी आणि मोठा पेला ताक असा बेत करा. राजगिऱ्याची भाकरीही चांगली. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काहीच खायचं नाही आणि मग मोदकांवर बसायचं, हे मात्र नको. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवण टाळण्याआधी डॉक्टरांशी बोलाच. साखर अचानक उतरू शकते.

प्रश्न : पोळीऐवजी ज्वारीची भाकरी खाल्ली तर वजन उतरेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : संख्या तीच ठेवलीत तर नाही. हातावर थापलेल्या एका भाकरीला 60-70 ग्रॅम पीठ लागतं, फुलक्याला 30. दोन भाकऱ्या म्हणजे चार फुलके. एका भाकरीवर थांबता येत असेल तर फायदा आहे: ती चावावी लागते, जेवण हळू होतं आणि पोट लवकर भरल्यासारखं वाटतं.

प्रश्न : सकाळी गरम पाणी, लिंबू, मध?
— एक वाचिका, बेळगाव

उत्तर : चरबी वितळत नाही. मधाच्या चमचाभर 20 कॅलरी मात्र मिळतात. आवडत असेल तर मधाशिवाय घ्या.

प्रश्न : सहा आठवड्यांपासून काटा हलत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : रोज चढत असाल तर आधी ते थांबवा. लोणचं-पापडाच्या जेवणानंतर किंवा मासिक पाळीच्या आधी पाण्यामुळे किलोभर फरक सहज पडतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा आणि चार आठवड्यांची सरासरी काढा. सोबत कंबरही मोजा: सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, टेप न आवळता. भारतीयांसाठी पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांना 80 ही धोक्याची रेषा मानतात. कंबर उतरत असेल तर काट्याकडे दुर्लक्ष करा. दोन्ही स्थिर असतील तर चार दिवस सगळं लिहून काढा, मुलांच्या ताटातलं उरलेलंसुद्धा. तरीही हिशेब जुळत नसेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या, आणि काही औषधं चालू असतील तर त्यांनी वजन वाढतं का, हे डॉक्टरांना विचारा.